एक पोतं लाल माती

तुमच्या गॅलरीत एखादी कुंडी आहे? मग वाचायच्या आधी जरा उठा आणि तिच्यातल्या मातीत बोट खुपसून बघा. सहज आत गेलं? की नखापाशीच अडलं?

माझं अडलं होतं. बेंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी रस्त्याकडेच्या नर्सरीतून एक पोतं लाल माती आणली. तुळस, कढीपत्ता, मोगरा, म्हणजे आपली नेहमीची मंडळी लावली. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र माती अशी काही घट्ट झाली, की घातलेलं पाणी वरच साचायचं, मग कुंडीच्या कडेकडेनं खाली उतरायचं आणि थेट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर पडायचं. काकूंनी दोनदा खालूनच हाक मारून सांगितलं. तिसऱ्यांदा वर आल्या.

काकू मूळच्या कोलारकडच्या, नाचणी पिकवणाऱ्या घरातल्या. मला वाटलं, आता भांडण. पण त्या कुंडीपाशी वाकल्या, ढेकूळ चिमटीत धरून फोडलं, वास घेतला आणि सांगून टाकलं, की ही माती मेलेली आहे. एवढं निदान करून, चहा घेऊन त्या खाली गेल्या.

मी विचारात पडलो. पाणी रोज घालत होतो. पुडीतलं खतही महिन्याला घालत होतो. झाड मरतं हे ठाऊक होतं, माती कशी मरते?

चमचाभर मातीत कोण राहतं?

शाळेत आपण माती म्हणजे खडकाचा झिजून झालेला भुगा असं शिकतो. ते खरं आहे, पण अर्धंच. चांगल्या शेतातली चमचाभर माती घेतली, तर तिच्यात अब्जावधी जीवाणू असतात, शिवाय बुरशीचे धागे आणि डोळ्यांना न दिसणारे कितीतरी बारके जीव. हे सगळे तिथं नुसते राहत नाहीत. झाड उन्हात साखर बनवतं आणि तिच्यातला बराच वाटा मुळांवाटे या मंडळींना देतं. बदल्यात ते मुळांना स्फुरद, नत्र, जस्त असं काय काय मिळवून देतात. म्हणजे मुळांभोवती रोजचा बाजारच भरलेला असतो, आणि तिथं पैसा चालतो साखरेचा.

या जीवांच्या चिकट स्रावांनी आणि बुरशीच्या धाग्यांनी मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात. पोह्यांच्या चिवड्यासारखी ती मोकळी, पण जराशी बांधलेली होते. कणांच्या मधल्या पोकळ्यांत थोडं पाणी, थोडी हवा. या अवस्थेला आपल्या शेतकऱ्यांनी फार नेमका शब्द दिला आहे: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर आजोबा शेतातली मूठभर माती दाबून बघायचे आणि ‘वाफसा आला’ म्हणायचे, ते हेच. कुंडीतल्या माझ्या मातीला वाफसा यायचाच थांबला होता. तिच्यात पोकळ्याच उरल्या नव्हत्या.

या पोकळ्या करणारा सर्वांत मोठा गवंडी म्हणजे गांडूळ. चार्ल्स डार्विननं उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचं १८८१ सालचं शेवटचं पुस्तक गांडुळांवर आहे. त्यानं १८४२ मध्ये घराजवळच्या एका रानात खडूचे तुकडे पसरवून ठेवले आणि तब्बल २९ वर्षं वाट पाहिली. मग चर खणून पाहिला, तर खडूचा थर सात इंच खाली गेलेला! गांडुळांनी खालची माती वर आणून टाकत टाकत त्याला गाडलं होतं. गांडुळांना ऐकू येतं का हे बघायला त्यानं आपल्या मुलाला त्यांच्यापुढं बसून बसून नावाचं वाद्य वाजवायला लावलं होतं. (हो, वाद्याचं नावच बसून आहे.) गांडुळांनी काही दाद दिली नाही.

माती जिवंत आहे की नाही हे मोजायचं एक माप आहे: सेंद्रिय कर्ब. पालापाचोळा, मुळं, शेण, मेलेले जीव यांचं कुजून मातीत मुरलेलं धन. तुमच्या घरी गावाकडची शेती असेल, तर मृदा आरोग्य पत्रिका मागून बघा. ही योजना केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू केली. पत्रिकेवर १२ रकाने असतात. बहुतेक जण नत्र, स्फुरद, पालाश एवढंच बघून दुकानात जातात. तुम्ही आधी सेंद्रिय कर्बाचा रकाना बघा. आकडा ०.५ टक्क्याच्या खाली असेल, तर आपल्याकडच्या मापानं तो कमी. बाकीची खतं मग गळक्या हंड्यात पाणी भरल्यासारखी होतात.

वर्तूरच्या बाजूचा एक शेतकरी

के. आर. पुरम म्हणजे आज रेल्वे स्टेशन, झुलता पूल, मेट्रो आणि न संपणारी वाहतूक. पण आमचा हा भाग अजूनही कागदोपत्री बेंगळुरू पूर्व तालुका आहे, आणि तो अगदी परवापर्यंत नाचणीचा, वालाचा, तळ्यांचा मुलूख होता. इथून दहा-पंधरा किलोमीटरवर वर्तूरजवळ सोरहुणसे गाव आहे. तिथले एल. नारायण रेड्डी हे कर्नाटकातल्या नैसर्गिक शेतीतलं फार मोठं नाव.

त्यांची गोष्ट मला आवडते, कारण ती पहिल्यापासून शहाणपणाची नाही. रेड्डी आधी रासायनिक शेतीच करायचे, आणि ती उत्तम करायचे. पीक भरघोस यायचं, कौतुकही व्हायचं. फक्त वर्षाअखेरी हिशेब मांडला, की हातात काही उरायचं नाही. खताचा आणि औषधाचा खर्चच सगळं खाऊन टाकायचा. त्या काळात जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका यांचं ‘वन स्ट्रॉ रिव्होल्यूशन’ हे पुस्तक त्यांच्या हाती आलं. त्यांनी मार्ग बदलला. बाहेरून विकत आणायचं कमी करत नेलं. बांधावर झाडं, झाडांचा पाला जमिनीवर, एका पिकाच्या जोडीला दुसरं पीक, गोठ्यातलं शेण परत शेतात.

शहर वाढत वर्तूरच्या बाजूला आलं. रेड्डी नंतर दोड्डबळ्ळापूरजवळच्या मरळेनहळ्ळीत शेती करू लागले. ते शेत म्हणजे एक शाळाच झाली होती. शेतकरी यायचे, कॉलेजची मुलं यायची, आयटीतली नोकरी सोडू की नको या पेचात पडलेलेही यायचे. २०१९ च्या जानेवारीत ते गेले.

त्यांनी जे केलं त्यातलं बरंचसं या मुलखाला नवं नव्हतंच. इथं नाचणीच्या शेतात ठरावीक ओळी सोडून वाल, तूर, मोहरी, ज्वारी, एरंड, कारळा असं पेरायची जुनी पद्धत आहे. तिला कन्नडमध्ये ‘अक्कडी सालु’ म्हणतात. एक पीक पावसानं गेलं तर दुसरं घरात येतं, कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, आणि घरच्या स्वयंपाकालाही विविधता येते. आपल्याकडे बाजरीत तूर, मटकी, हुलगा पेरणारी म्हातारी माणसं हेच करत होती. शिवाय आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, बेवड. आधीच्या पिकानं पुढच्या पिकासाठी जमीन कशी करून ठेवली, त्याला बेवड म्हणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे सांगायला आजोबांना प्रयोगशाळा लागली नव्हती.

आज जगभर ज्याला ‘रिजनरेटिव्ह फार्मिंग’ म्हणतात, त्याला आपण पुनरुज्जीवक शेती म्हणू. हे नाव अमेरिकेतल्या रॉबर्ट रोडेल यांनी १९८० च्या दशकात प्रचारात आणलं. मुद्दा साधा आहे. जमीन टिकवून ठेवणं पुरेसं नाही, कारण ती आधीच खालावली आहे. तिला पुन्हा उभं करायचं आहे. त्यासाठी जमीन उघडी ठेवायची नाही, कमीत कमी उकरायची, तिच्यात वर्षभर कुणाची ना कुणाची जिवंत मुळं राहू द्यायची, आणि तिच्यातून घेतलेलं तिला परत द्यायचं.

नांगर बाजूला ठेवायचा?

इथं बऱ्याच जणांची भुवई वर जाते. नांगरटीशिवाय शेती? आपल्या डोळ्यांसमोर शेतकरी म्हटला की खांद्यावर नांगर येतोच.

नांगराची बाजूही समजून घेऊ. तो तण मुळासकट काढतो, घट्ट जमीन मोकळी करतो, उन्हाळ्यात किडींचे कोष वर आणून तापवतो. पण दरवर्षी खोल नांगरट केली, की बुरशीचं जाळं तुटतं, गांडुळांची घरं मोडतात, आणि मातीत जपून ठेवलेल्या कर्बाला एकदम भरपूर हवा मिळते. जीवाणू तो कर्ब भराभर खाऊन संपवतात. पहिली काही वर्षं पीक जोरात येतं, कारण आपण मुदत ठेव मोडून खात असतो.

रायगड जिल्ह्यात नेरळजवळ सगुणा बाग आहे. तिथले चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी ‘एसआरटी’, म्हणजे सगुणा राइस टेक्निक ही पद्धत बसवली. गादीवाफे एकदाच करायचे, ते वर्षानुवर्षं मोडायचे नाहीत. लोखंडी साच्यानं सारख्या अंतरावर खड्डे पाडायचे आणि भाताचं बी थेट टोकायचं. चिखलणी नाही, लावणी नाही. कापणी झाली की धसकटं आणि मुळं जमिनीतच ठेवायची, आणि त्याच वाफ्यावर वाल, हरभरा, मूग घ्यायचा. कुजणाऱ्या मुळांच्या जागी हवा-पाण्याच्या नळ्या तयार होतात आणि गांडुळं आपणहून येतात.

कोकणात ज्यांनी लावणी केली आहे किंवा आईला करताना पाहिली आहे, त्यांना या बदलाचं मोल मातीपलीकडेही कळेल. भर पावसात, घोटाभर चिखलात, दिवसदिवस वाकून लावणी करणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. या पद्धतीत तण नांगराऐवजी तणनाशकानं आवरतात, आणि नैसर्गिक शेतीवाल्यांना ते पटत नाही. मलाही तणनाशकाची बाटली बघून फार आनंद होत नाही. पण नांगर आणि तणनाशक दोन्ही नको म्हणणाऱ्यानं पावसाळ्यातलं कोकणातलं तण एकदा हातानं काढून बघावं. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनीही नांगरणीशिवाय ऊस घेण्याचे प्रयोग वर्षानुवर्षं केले आणि पिकाचे अवशेष जागेवरच कुजू देण्यावर भर दिला. उसाचं पाचट पेटवून द्यायच्या सवयीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

घाई केली तर

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग उद्यापासून रासायनिक खत बंद! श्रीलंकेनं २०२१ मध्ये ते करून पाहिलं. सरकारनं रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. पर्यायी खत पुरेसं नव्हतं, शेतकऱ्यांची तयारी नव्हती. भाताचं उत्पादन घसरलं, चहाला फटका बसला आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. माती एका आदेशानं मरत नाही, तशी एका आदेशानं जगतही नाही.

बेंगळुरूतल्याच कृषी विद्यापीठात, म्हणजे जीकेव्हीके म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिसरात, १९८६ पासून एकाच जागेवर नाचणी आणि मका घेऊन खतांचा प्रयोग चालू आहे. जमीन तीच लाल, आपल्या पोत्यातली. तिथं नुसतं नत्र देत राहिलेल्या तुकड्यांत जमीन आम्लधर्मी होत गेली आणि पीक खाली आलं. ज्या तुकड्यांना संतुलित खताच्या जोडीला शेणखत मिळालं, त्यांनी सातत्यानं चांगलं पीक दिलं. यात रसायनाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांनाही थोडं नाराज करणारं उत्तर आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. थकलेल्या जमिनीला सावरायला काही हंगाम लागतात. त्या काळात उत्पन्न कमी आलं, तर ते कोण सोसणार? दोन एकरवाला शेतकरी मुलीची फी भरायची थांबवून माती सुधारू शकत नाही. म्हणून अनुभवी मंडळी सांगतात, की सगळं शेत एकदम बदलू नका. एक कोपरा घ्या. पाच-दहा गुंठे. तिथं जमलं, हिशेब बसला, की पुढं सरका. आणि आपण शहरातले लोक जेव्हा त्या शेतकऱ्याचा तांदूळ बाजारभावापेक्षा चार पैसे जास्त देऊन घेतो, तेव्हा त्या मधल्या वर्षांचा थोडा भार आपण उचलत असतो.

आपल्या देशात किती जमीन खालावली आहे? इस्रोच्या उपग्रहांवरून केलेल्या पाहणीत २०१८-१९ साली हा आकडा ९ कोटी ७८ लाख हेक्टरांच्या आसपास आला. देशाच्या भूभागाचा जवळपास ३० टक्के. आणि एक इंच सुपीक माती नव्यानं तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

मांडूरचा डोंगर

आता पुन्हा आमच्या के. आर. पुरमला या. इथून ओल्ड मद्रास रोडनं पुढं गेलं की मांडूर लागतं. बेंगळुरूचा कचरा वर्षानुवर्षं तिथं जात होता. त्याचा डोंगर झाला. वास, माशा, खराब झालेलं पाणी. शेवटी २०१४ मध्ये गावकरी रस्त्यावर आले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिथं कचरा टाकणं थांबलं. पुण्याच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्याकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी आहे.

त्या डोंगरात काय होतं, हे जरा डोळ्यांसमोर आणा. त्यातला मोठा हिस्सा ओला कचरा. भाजीची देठं, केळीची सालं, उरलेला भात, मंडईतला खराब कोबी. म्हणजे कोलार, चिक्कबळ्ळापूर, होसकोटे इथल्या शेतांमधून ट्रक भरभरून आलेली माती, फक्त भाजीच्या रूपात. ती शहरानं खाल्ली आणि उरलेली त्याच मुलखातल्या दुसऱ्या गावात विष करून टाकली. शेताला काय परत गेलं? काही नाही. म्हणून शेतकरी पोतं विकत घेतो, आणि आपण त्याला म्हणतो, इतकं खत का घालता?

अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी दिसला होता. १९२४ ते १९३१ या काळात ते इंदूरला होते. होळकरांच्या, आपल्या मराठी घरांच्या इंदूरला. तिथले शेतकरी पालापाचोळा आणि शेण कसं वापरतात हे बघत त्यांनी कंपोस्ट करायची पद्धत नीट बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. हॉवर्ड यांचं म्हणणं एवढंच होतं, की जमिनीतून आलेलं सगळं जमिनीला परत गेलं पाहिजे. आपल्या गावच्या उकिरड्याला हे आधीच माहीत होतं. उकिरडा म्हणजे घाण असं आपण कधीपासून समजायला लागलो, कोण जाणे.

मुलांना घेऊन करून बघा

पहिला प्रयोग दहा मिनिटांचा. दोन काचेचे ग्लास पाण्यानं भरा. एका ठिकाणचं, सतत खणलेल्या जागेतलं, सुकं ढेकूळ घ्या. दुसरं एखाद्या जुन्या झाडाखालचं, जिथं पाला पडून कुजतो तिथलं. दोन्ही हळूच पाण्यात सोडा. पहिलं लवकरच फुटून गाळ होतो. दुसरं बराच वेळ धरून राहतं. पहिला पाऊस पडल्यावर कुठली माती नाल्यात वाहून जाणार, हे पाचवीतल्या मुलालाही सांगावं लागत नाही.

दुसऱ्या प्रयोगाला दोन महिने लागतात, पण मुलं यावर जास्त खूश असतात. शंभर टक्के सुती जुनं बनियन घ्या आणि मातीत वीतभर खोल पुरा. जागा लक्षात ठेवा. दोन महिन्यांनी बाहेर काढा. माती जिवंत असेल, तर जीवाणूंनी कापूस खाऊन टाकलेला असतो, हातात फक्त शिवणीचे आणि इलॅस्टिकचे तुकडे येतात. बनियन धुऊन पुन्हा घालता येईल इतकं शाबूत निघालं, तर काळजीचं कारण आहे.

कुंडीवाल्यांसाठी अजून थोडं. पुडीतलं खत लगेच फेकू नका, पण त्याच्या जोडीला मूठभर चांगलं कुजलेलं कंपोस्ट महिन्याला द्या. माती उघडी ठेवू नका, वर सुका पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसरा. मधल्या रिकाम्या जागेत चार दाणे मुगाचे टाका, वाढले की कापून तिथंच पसरा, मुळं उपटू नका. कंपोस्टसाठी मडक्यात ओल्या कचऱ्याच्या थरावर सुक्या पाल्याचा तितकाच थर द्या. वास येतो तो बहुतेक वेळा सुका पाला कमी पडल्यामुळे. माझ्याकडून ही चूक दोन वेळा झाली, आणि दोन्ही वेळा ती काकूंना आधी कळली.

काकूंचं वाळवण आता कोरडं राहतं. कुंडीत बोट मधल्या पेरापर्यंत जातं, पूर्ण नाही. मोगरा अजून रुसलेला आहे. नव्या मातीसाठी पुन्हा पोतं आणावं असं एकदा वाटलं होतं. पण ते पोतं कुणाच्या शेतातून किंवा कुठल्या तळ्यातून खणून आलेलं असतं, हे नर्सरीत विचारल्यावर समाधानकारक उत्तर मिळालं नाही, म्हणून तसाच परत आलो.

कढीपत्त्याच्या मोठ्या कुंडीत माझं एक जुनं बनियन पुरलेलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुतणी येणार आहे, तिच्या हातानंच ते बाहेर काढायचं ठरलंय. काकूंनी खाली बसूनच सांगून ठेवलंय, की निम्मं तरी शिल्लक निघेल.